दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधल्या ज्यूंना पकडलं कोणी, जर्मनांनी की फ्रेंचांनी?

हुकूम जर्मनांचा, पण दारं ठोठावली फ्रेंच पोलिसांनीच. १९४० मध्येच त्यांनी ज्यूंची नोंदणी करून कार्डं बनवलेली, नावावरून, रस्त्यावरून, धंद्यावरून शोधता येतील अशी, आणि १६-१७ जुलै १९४२ ला त्याच यादीवरून घरोघर जाऊन १३ हजारांच्या आसपास माणसं उचलली, त्यात ४ हजारांवर लहान मुलं. जर्मनांनी तर १६ वर्षांखालची मुलं तेव्हा मागितली पण नव्हती, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारचा प्रमुख लावाल यानेच ती पण न्या म्हणून सुचवलं! फ्रेंचांचा नाइलाज होता हे कारण मला अजिबात पटत नाही, कारण जर्मनांकडे एवढं मनुष्यबळच नव्हतं, आणि काही पोलिसांनी लोकांना आधी गुपचूप सावध केलंच होतं की. राष्ट्राध्यक्षांनी फ्रान्सची जबाबदारी उघड मान्य केली ती थेट १९९५ मध्ये, शिराक यांनी.