प्लास्टर काढलं तरी आईचं मनगट वळत नाही, फिजिओथेरपी करावी का मालिश?

तुम्ही विचारलंय की आईच्या मनगटाचं प्लास्टर काढून आठ दिवस झाले, हात सुजलाय, वळत नाही, तर फिजिओकडं जावं का गावातल्या माणसाकडून चोळून घ्यावं. चोळून घेऊ नका. मी तेच करून बसलेय म्हणून सांगायले.

दोन वर्षांखाली मोंढ्यापाशी चिखलात पाय घसरला अन् मी तळहातावर पडले. फाईलवर कोलिस लिहिलेलं, मी म्हणलं हा काय रोग आहे बाई, तर ते १८१४ मध्ये मनगटाच्या या फ्रॅक्चरचं वर्णन करणाऱ्या आयरिश डॉक्टरचं नाव निघालं. सहा आठवडे प्लास्टर होतं. बोटं, कोपर, खांदा हलवत राहा म्हणून डॉक्टर सांगायचे, मी मात्र हात गळ्यात अडकवून बसून राहिले. प्लास्टर निघालं तर मनगट सोडाच, खांदा बी वर जाईना, वेणी घालायला सुनेला हाक मारायची पाळी. मग शेजारणीचं ऐकून एकाकडून तेल लावून चोळून घेतलं, त्यानं ओढून ताणून कट्कन आवाज काढला अन् दुसऱ्या दिवशी हात टम्म.

फिजिओवाल्या मॅडमनी मशीनचा शेक दिला, बरं वाटलं, पण त्याच म्हणल्या शेकानं दुखणं जरा हलकं होतं, हात मोकळा होतो तो हलवल्यानंच. घरी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात ठेवायचा, त्यातच मूठ उघडझाप, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा, मग मनगट वर खाली. सगळ्यात चिवट काम म्हणजे तळहात आभाळाकडं करणं. मंदिरात तीर्थ घ्यायला हात पुढं केला तर सगळं पाणी खाली! त्याला लाटणं कामाला आलं, कोपर कमरेला चिकटवायचं, लाटणं एका टोकाला धरून हळूहळू इकडून तिकडं वळवायचं. कोपर सुटलं की खांदाच वळतो अन् आपल्याला वाटतं मनगट वळलं, मी पंधरा दिवस अशीच स्वतःला फसवायले.

दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं करा. ओढ लागणारच, अर्ध्या तासात शांत झालं तर ठीक, दुसऱ्या दिवशी सूज वाढली तर कमी करायचं. भरलेली बादली डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. भाकरी थापायला मनगट मागं वाकावं लागतं, मला तिसऱ्या महिन्यात जमली, ती बी जाडजूड.

हाताची आग आग होत असेल, कातडी चकाकत असेल, रंग बदलत असेल किंवा अंगठा अचानक सरळ होईना, तर व्यायाम बाजूला ठेवून लगेच हाडाच्या डॉक्टरकडं न्या. अन् नुसतं घसरून हाड मोडलं असेल तर हाडं ठिसूळ झालीत का तेही विचारा, मला कुणी आपणहून सांगितलं नव्हतं.

रोज जाणं परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, नाहीतर दोन-तीनदा जाऊन व्यायाम नीट शिकून या, मोबाईलमध्ये शूटिंग करून आणा. अन् आईचा दंड वर करून कानाला लागतो का, ते आजच बघा.