बिअरचं गोड कॉकटेल: फेस आणि कडूपणा

प्रश्न: बिअरमध्ये लिंबू-साखर घालून शँडी करते. साखर पडली की निम्मी बिअर फेस होऊन ग्लासबाहेर येते आणि उरलेली मिळमिळीत लागते. काय चुकतं?

उत्तर: साखर कोरडी घालता, हेच चुकतं. बिअरमधला वायू बाहेर पडायला खडबडीत जागा शोधत असतो आणि साखरेचा प्रत्येक दाणा त्याला ती देतो. म्हणून साखर पाक करूनच घाला. 100 ग्रॅम साखर आणि 100 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. तार येऊ द्यायची नाही. पाक फ्रिजमध्ये पूर्ण गार होऊ द्या, कोमट पाकानेही वायू उडून जातो.

330 मिली बिअरला 25 मिली पाक आणि 20 मिली लिंबाचा रस पुरतो. रस गाळून घ्या, कारण गराचे कणही साखरेसारखाच फेस काढतात. पाक आणि रस आधी ग्लासच्या तळाशी घाला, त्यात थोडीशी बिअर ओतून हलक्या हाताने ढवळा, मग ग्लास तिरका धरून उरलेली बिअर कडेने सोडा. पाक शेवटी घातला तर जड असल्याने तळाला बसतो, आणि तो वर आणण्यासाठी ढवळलं की होता नव्हता तो फेसही जातो. ग्लास आणि बिअर दोन्ही गार असतील तर बर्फ लागत नाही. ठेचलेला बर्फ तर घालूच नका.

प्रश्न: संत्र्याचा रस घातला की कॉकटेल कडवट लागतं. साखर वाढवू का?

उत्तर: नको, चिकट गोड होईल आणि कडूपणा मागे राहील. बिअर बदला. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, भरपूर असलेली आयपीए ही कडवट बिअर आंबट फळाबरोबर फार बोचते. गव्हाची बिअर किंवा सौम्य लागर, म्हणजे नेहमीची फिकट सोनेरी बिअर, घ्या. बर्लिनमध्ये आंबट गव्हाच्या बिअरमध्ये रास्पबेरीचं सिरप घालतात, ती जोडी उत्तम जमते. घरात कडवट बिअरच असेल तर पाकात चिमूटभर मीठ विरघळवा, कडूपणा दबतो. स्टाउटला, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या काळ्या बिअरला, मात्र फळांपेक्षा कॉफीचा पाक शोभतो.

प्रश्न: पाहुण्यांसाठी जग भरून आधीच ठेवता येईल का? व्होडका घातली तर?

उत्तर: पाक आणि रस एकत्र करून सकाळी ठेवा, बिअर वाढतानाच ओता. 5 टक्क्यांच्या 330 मिली बिअरमध्ये 40 टक्क्यांची 30 मिली व्होडका गेली की पेय जवळपास 8 टक्क्यांचं होतं, आणि गोडीमुळे ते जिभेला कळत नाही. पाहुण्यांना आधी सांगा.