शील्डवरचं नाव

प्रिय मित्रा,

मुंबईतल्या शाळांच्या क्रिकेट स्पर्धेवरचा, हॅरिस शील्डवरचा, तुझा लेख वाचला. सचिन-कांबळीच्या भागीदारीतल्या ६६४ धावा छान रंगवल्यास, पण त्या आता पोराटोरांनाही पाठ आहेत. ज्याच्या नावाने शील्ड आहे त्याला मात्र ‘भारतीय क्रिकेटचा जनक’ म्हणून एका ओळीत वाटेला लावलंस. ती ओळ खोड.

लॉर्ड हॅरिस १८९० ते १८९५ मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी इंग्लंडचा कर्णधार. १८८० मध्ये ओव्हलवर इंग्लंडमधली पहिली कसोटी झाली ती त्याच्याच नेतृत्वाखाली. मग हुजूर पक्षाच्या सरकारात भारत खात्याचा आणि युद्ध खात्याचा उपमंत्री. हे सगळं दोन ओळींत उरक.

मुक्काम कर तो सिडनीत. ८ फेब्रुवारी १८७९. हॅरिसच्या इंग्लिश संघाचा सामना चालू होता. यजमान संघाच्या मर्डॉकला धावबाद दिलं आणि प्रेक्षक मैदानात घुसले. हॅरिसला तडाखा बसला, तरी पठ्ठ्या जागचा हलेना. मैदान सोडलं तर सामना हातचा जाईल, ही धास्ती! (दुसरा पंच एडमंड बार्टन पुढे ऑस्ट्रेलियाचा पहिला पंतप्रधान झाला. मोह होईल, पण ते लेखात नको.)

आता हाच माणूस ऑगस्ट १८९३ मध्ये बघ. मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल पेटलेली आणि गव्हर्नरसाहेब पुण्यात. मुंबईत पाऊल टाकेपर्यंत आठवडा उलटून गेला. दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेव. मध्ये तुझा शेरा नको.

पोलोचं प्रकरण तर तुझ्या लेखात नावालाही नाही. देशी खेळाडू जिथे क्रिकेट खेळत, त्या मुंबईच्या एस्प्लनेड मैदानाची गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनी पार दुर्दशा व्हायची. पारशी आणि हिंदू खेळाडूंनी अर्जांवर अर्ज केले, पण हॅरिसच्या सरकारने कौल दिला पोलोवाल्यांना. हिंदू आणि इस्लाम जिमखान्यांना समुद्राकाठी जागा त्याच्याच कारकिर्दीत मिळाली, तेही लपवू नकोस. दिली खरी, पण जमातवार वाटून. मला तो दिलदार कधीच वाटला नाही, नियमाचा पक्का वाटतो. तुझं मत वेगळं असेल तर जरूर मांड, मात्र आधी शापूरजी सोराबजींनी या भांडणावर १८९७ मध्ये लिहिलेलं पुस्तक मिळव. ते स्वतः त्यात उतरलेले, त्यामुळे राग भरपूर आहे. तो वजा करून वाच.

६६४ अगदी शेवटी घे. आणि त्या धावा कुठे झाल्या तेही लिही: आझाद मैदान, म्हणजे त्याच जुन्या एस्प्लनेडचा तुकडा.

तुझा,
सर