कन्सल्टंटने दिलेला इमर्जन्सी प्लॅन खऱ्या प्रसंगी कामाला येईल का, हे कसं ओळखायचं?

साकीनाक्याजवळ तुमचं 60 माणसांचं केमिकल युनिट आहे, कन्सल्टंटने 80 पानी ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन करून दिलाय, आणि वेळ आली तर त्याचा उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलंय. फाइल उघडा आणि एकच गोष्ट शोधा: रात्री अडीच वाजता प्लांट बंद करायचा निर्णय कोणी घ्यायचा? तिथे नुसतं ‘साइट मेन कंट्रोलर (म्हणजे आणीबाणीत सगळी सूत्रं ज्याच्या हाती तो) : फॅक्टरी मॅनेजर’ असं लिहिलेलं असेल आणि मॅनेजरसाहेब डोंबिवलीला राहत असतील, तर ती फाइल ऑडिटपुरती आहे. त्या वेळी लोकलसुद्धा बंद असते.

मी ट्रॉम्बे-माहुल पट्ट्यात आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडवर सेफ्टीचं काम केलंय. थर्ड शिफ्टमध्ये काही बिघडलं की ऑपरेटर आधी सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर मॅनेजरला फोन लावतो, मॅनेजर झोपेत ‘नीट बघून सांग’ म्हणतो, आणि 101 चा नंबर या सगळ्यानंतर लागतो. माणसं मठ्ठ नसतात. बॅच वाया गेली तर सकाळी कोणाची चंपी होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक शिफ्टचा इन्सिडेंट कंट्रोलर, म्हणजे घटनास्थळी हुकूम देणारा माणूस, त्याच शिफ्टमधला हवा. प्लांट थांबवायचा आणि फायर ब्रिगेडला बोलवायचा अधिकार त्याला लेखी द्या, आणि ‘खबरदारी म्हणून प्लांट बंद केल्यास जाब विचारला जाणार नाही’ हे वाक्य मालकाच्या सहीने पॅनेलजवळ लावा. सही मिळवताना मालक कुरकुर करतील. ती कुरकुर आत्ताच होऊ द्या.

तुमच्याकडे 14 एप्रिलला अग्निशमन सप्ताहाचा बॅनर लागतच असेल. 1944 साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज पेटलं. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच जहाजात भरलेली होती. दुपारी धूर दिसला आणि चार वाजून गेल्यावर स्फोट झाला. हाताशी जवळजवळ दोन तास होते. जहाज बुडवा म्हणणारे होते, बाहेर समुद्रात न्या म्हणणारेही होते. पण सगळ्यांवर हुकूम चालेल असा एक माणूस धक्क्यावर नव्हता. पाणी मारणारे अग्निशामक मात्र शेवटपर्यंत तिथेच होते, आणि त्यांच्यातले कितीतरी जागीच गेले. बॅनरखाली फोटो काढताना हे कोणी सांगत नाही.

दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे मोजणी. बंब आला की पहिला प्रश्न येतो, ‘आत कोणी आहे का?’ तुमच्या 60 जणांची हजेरी मस्टरवर असते. पण कंत्राटदाराची माणसं, माल उतरवणारे माथाडी, टेम्पोचा क्लीनर, एसी दुरुस्तीवाला यांची कुठे असते? कंत्राटदाराचं रजिस्टर बहुतेक त्याच्या बॅगेत आणि बॅग त्याच्या बाइकवर. उत्तर चुकलं की अग्निशामक रिकाम्या शेडमध्ये जीव धोक्यात घालतो, नाहीतर खरंच अडकलेला माणूस तसाच राहतो. गेटवर टोकनचा बोर्ड लावा. आत जाताना टोकन घ्यायचं, बाहेर पडताना टांगायचं. बोर्डावर जी जागा रिकामी, तो माणूस आत. याला सॉफ्टवेअर लागत नाही, आणि वीज गेली तरी चालतं.

असेंब्ली पॉइंट, म्हणजे बाहेर पडल्यावर सगळ्यांनी जमायची जागा, एकच दाखवला असेल तर दुसरा ठरवून घ्या. मुंबईत पावसाळ्यात वारा नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यातल्या पहाटे जमिनीकडून. दुपारी सुरक्षित असलेली जागा पहाटे गॅसच्या वाटेत येऊ शकते. विंड सॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) रात्री दिसेल असा दिवा त्यावर हवा. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असतो, खाली साचतो; बेसमेंट पार्किंगमध्ये माणसं जमवणारा प्लॅनसुद्धा मी पाहिलाय. जुलै 2010 मध्ये शिवडीच्या हाजी बंदरला क्लोरीनची गळती होऊन शंभरहून अधिक लोकांना त्रास झाला. सिलिंडर वर्षानुवर्षं तिथे पडून होते. म्हणून केमिकलची यादी स्टोअरच्या रजिस्टरवरून उतरवू नका. स्क्रॅप यार्डात आणि शेडच्या मागे स्वतः फिरून करा. शेजारच्या गाळ्यात काय ठेवलंय तेही विचारा.

‘फायर ब्रिगेड 10 मिनिटांत पोहोचेल’ असं वाक्य फाइलमध्ये असेल तर खोडा. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कोणीच कुठे पोहोचत नव्हतं. एवढं लांब कशाला, तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना टेम्पो उभे असतात ना? पहिला अर्धा तास आपलाच, असं धरून लिहा. फायर पंप तळघरात असेल तर पाणी भरल्यावर तो चालेल का, आणि पाण्याशी रिअॅक्ट होणारा माल किती उंचावर ठेवलाय, हेही त्यात आलंच पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाने कायद्यात ऑन-साइट इमर्जन्सी प्लॅन करायला लावणारं कलम 41-ब आलं, 1989 मध्ये घातक रसायनांचे नियम आले. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावी लागते. तुमचा साठा त्या मर्यादेपेक्षा कमी असला तरी ड्रिल करा. फक्त ती सकाळी अकराला, इस्त्रीचे युनिफॉर्म घालून, नंतर वडापाव अशी नको. रात्री करा. शिफ्ट इन्चार्जला सांगा, ‘तू जखमी आहेस, बोलायचं नाही,’ आणि पुढे कोण सूत्रं हातात घेतं ते बघा. कंत्राटी मुलांना इंग्रजी पाट्या वाचता येत नसतील तर हिंदीत, चित्रांसह लावा.

शेवटी सिक्युरिटी गार्डकडे जा. फोनवर काय सांगायचं ते त्याच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत चिकटवा: पूर्ण पत्ता, जवळची खूण, काय पेटलंय किंवा गळतंय, कोणत्या गेटने यायचं. मग मागच्या गेटची चावी कुठे असते, ते त्याला विचारा. बऱ्याच ठिकाणी ती ऑफिसच्या कपाटात असते आणि ऑफिसला सहा वाजता कुलूप लागतं.