निरोप चॅटवर, नोंद मेलवर

प्रश्न : भोसरीत आमचं बारा माणसांचं मशीन शॉप आहे. ग्राहकांची ड्रॉइंग्ज व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. गेल्या महिन्यात जुन्या ड्रॉइंगवर चाळीस नग निघाले, सगळे रिजेक्ट. चॅट बंद करून सगळं ईमेलवर न्यावं का?

चॅट राहू द्या, ड्रॉइंग तेवढी तिथून हलवा. असंच नुकसान झालेल्या एका शॉपमध्ये मी ग्रुप मागे सरकवत पाहिला होता. सकाळी साडेनऊला ड्रॉइंग आलेलं, अडीचला ‘बोअर (भोकाचं माप) बदललाय, हे घ्या’ म्हणून दुसरं. दोन्ही फाइलींचं नाव एकच. मधे इन्सर्ट, म्हणजे धातू कापायची पाती, संपल्याचा निरोप, गेटपासची चौकशी आणि वाढदिवसाच्या पंधरा-वीस शुभेच्छा. ऑपरेटरच्या फोनमध्ये सकाळचीच फाइल उतरलेली होती. त्याला दोष देणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

ड्रॉइंगसाठी कंपनीच्या नावाचा एकच ईमेलपत्ता ठेवा, कुणाचा खासगी नको. माणूस उद्या नोकरी सोडून चाकणला गेला, तरी पत्रव्यवहार तुमच्याकडेच राहिला पाहिजे. मेलच्या विषयात पार्ट नंबर, रेव्हिजन (ड्रॉइंगची कितवी आवृत्ती) आणि पीओ म्हणजे खरेदी-ऑर्डरचा नंबर लिहायला ग्राहकाला सांगा. ग्रुपवर एवढंच टाका : ‘रेव्हिजन डी आलं, मेल बघा.’ आणि मशीनवर चिकटवलेली जुनी प्रिंट त्याच मिनिटाला काढून फाडा. मेल येऊनही ती तिथेच राहिली, तर पुन्हा चाळीस नग जातील.

आणखी एक. ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि टॉलरन्सचे, म्हणजे मापात किती फरक चालेल त्याचे, बारीक आकडे पुसट होतात. अगदीच घाई असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

प्रश्न : सदाशिव पेठेत करसल्लागाराचं ऑफिस आहे, आठ जण. स्लॅक हे ऑफिसचं चॅट ॲप फुकटात वापरावं, की ईमेलवर चालणारं डेल्टा चॅट?

फुकटच्या स्लॅकमध्ये नव्वद दिवसांमागचे निरोप दिसत नाहीत. तुमच्याकडे तर तीन-चार वर्षांपूर्वीच्या विवरणपत्राची नोटीस येते आणि तेव्हा ‘हा खर्च का धरला होता’ ते शोधावं लागतं. त्यामुळे अशिलाशी झालेला निर्णय स्लॅकमध्ये ठेवून चालणार नाही.

डेल्टा चॅट मला आवडतं. दिसायला चॅट, निरोप मात्र ईमेलच्या यंत्रणेतून जातो, आणि फोन नंबर द्यावा लागत नाही. पण ते ऑफिसच्या मुख्य मेलपत्त्यावर जोडू नका, इनबॉक्समध्ये दोन्हींची सरमिसळ होते. शिवाय कोण आलं, कोण गेलं, याचा ताबा मालकाकडे ठेवण्याची सोय ऑफिससाठी बनवलेल्या ॲपमध्ये जास्त चांगली असते. आठ जण एका खोलीत बसत असाल, तर मी म्हणेन की अशिलांसाठी मेल नीट लावा आणि आपसात तोंडाने बोला.

प्रश्न : मी हिंजवडीत नोकरी करते. रात्री दहालाही टीम्स या ऑफिसच्या चॅट ॲपवर निरोप येतात, उत्तर दिलं नाही तर अपराधी वाटतं.

ताई, अपराधी वाटून घेऊ नका. मेलचं उत्तर उद्या आलं तरी चालतं, हे सगळ्यांनी धरलेलं असतं. चॅटमध्ये नावाशेजारी हिरवा ठिपका दिसला की समोरच्याला वाटतं, ही बसलीच आहे. मॅनेजरशी एकदा स्पष्ट बोला : खरंच अडलं असेल तर फोन करा, बाकीचं सकाळी. मग संध्याकाळी सातनंतरच्या सूचना फोनमधून बंद करा. सुचलं तेव्हा लिहिणाऱ्या सहकाऱ्यांना निरोप सकाळच्या वेळेला लावून ठेवायची सोय दाखवा, पुष्कळांना ती ठाऊकच नसते.

प्रश्न : कोथरूडच्या आमच्या सोसायटीत लिफ्टच्या ठेकेदाराने चॅटवर दर कबूल केला, आता नाही म्हणतो. चॅट पुरावा ठरतं का?

ठरू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीची तरतूद आहे, मात्र सोबत प्रमाणपत्र लागतं. ते वकिलांच्या मदतीने करून घ्या. तोवर फोन बदलू नका, चॅट पुसू नका. आणि आजच ठेकेदाराला मेल टाका : ‘अमुक तारखेला आपण हा दर कबूल केला होता.’