‘नर्स नाही, डॉक्टर नाही, मग ती तिथे कोण?’

ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.कॉम. झाली, मिरजेतल्याच एका मोठ्या हॉस्पिटलच्या अस्थिरोग विभागात तिला प्रशासकीय सहायक म्हणून बोलावणं आलंय आणि घरात दोन तट पडलेत. ती हो म्हणते, तिचे बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. आणि तुमचा प्रश्न असा, की नर्स नाही, डॉक्टर नाही, मग ती तिथे कोण असणार?

गेल्या वर्षी मी काही विद्यार्थ्यांना घेऊन अशाच एका विभागात अर्धा दिवस बसले होते. तिथली सहायक मुलगी जेमतेम तेवीस वर्षांची. एका आजींच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी विम्याच्या मंजुरीचा फॉर्म पाठवायचा होता. फॉर्मवर उजवा गुडघा, एक्स-रेच्या रिपोर्टवर डावा. तिने फॉर्मला हात लावला नाही. दोन्ही कागद घेऊन ती डॉक्टरांच्या खोलीबाहेर उभी राहिली आणि आतला पेशंट बाहेर पडताच आत गेली. डॉक्टरांनी आजींना बोलावून पुन्हा तपासलं, फॉर्मवर खाडाखोड न करता नवा लिहून दिला, सही केली. हे सगळं दहाएक मिनिटांत उरकलं. आजी बाहेर बाकावर येऊन पुन्हा डबा उघडून बसल्या.

ताई, तुमची मुलगी तिथे त्या सहायक मुलीसारखी असणार. आपल्या मनाने दुरुस्त करायचं नाही, पण चूक पुढेही जाऊ द्यायची नाही. हे अंगी बाणलं तर बाकीचं काम शिकता येतं.

बाकीचं म्हणजे डॉक्टरांच्या ड्युटीचं रोस्टर, ऑपरेशनची यादी ऑपरेशन थिएटरला कळवणं, स्टोअरला इंडेंट म्हणजे सामानाची मागणी पाठवणं, रजेचे अर्ज, मीटिंगच्या नोंदी आणि दिवसभर वाजणारा फोन. कोणत्याही ऑफिसात असतं तसंच. खरं शिकण्यासारखं आहे ते पैशाच्या कागदांत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार बसतात, पण आधार कार्डावर ‘सुभद्राबाई’ आणि केसपेपरवर ‘सुभद्रा’ असेल तर तेवढ्यावरूनही फाइल अडते. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात, हे कितीतरी नातेवाइकांना ठाऊकच नसतं. खासगी विम्यात डिस्चार्जची अंतिम मंजुरी ३ तासांत द्यावी, असं विमा नियामकाने २०२४ मध्ये बजावलंय, पण हॉस्पिटलकडूनच कागद अपुरे गेले तर पेशंट कपडे बदलून संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून राहतो. हे सगळं जिला तोंडपाठ आहे, तिच्याकडे विभागातले डॉक्टरही विचारायला येतात. बी.कॉम.चं शिक्षण इथे वाया जाणार नाही.

तुमच्या गावाचा एक फायदा सांगते. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं, तेव्हापासून तिथे लांबलांबहून पेशंट येतात, सीमेपलीकडून कानडी बोलणारेही. मुलीला कामापुरतं कन्नड येत असेल तर मुलाखतीत आवर्जून सांगायला लावा.

आता जे बरं नाही तेही सांगते. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. नातेवाइकांचा राग डॉक्टरांवर निघत नाही, काउंटरवर निघतो. बऱ्याच ठिकाणी नेमणूक हॉस्पिटलची नसून एजन्सीची असते. म्हणून हो म्हणण्याआधी तिने स्वतः विचारावं: नेमणूकपत्र कोणाच्या नावाने मिळणार? पीएफ कापणार का? पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं काय? संध्याकाळची पाळी असली तर किती वाजता सुटी? उत्तरं लेखी मिळत नसतील तर मी तरी ही नोकरी घेऊ देणार नाही.

बाबांच्या म्हणण्यावर माझं मत स्पष्ट आहे. बँकेची पूर्वपरीक्षा ती एकदा तरी पास झाली असेल तर वर्षभर नेटाने तोच अभ्यास करू द्या. नुसते फॉर्म भरले जात असतील तर नोकरी घेऊ द्या. दोन्ही एकदम करायला सांगू नका, दिवसभर उभं राहून आलेली पोर रात्री गणितं सोडवू शकत नाही. टायपिंगची सरकारी परीक्षा मात्र तिने द्यावीच, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची. पुढे सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागा निघाल्या तरी ती लागते. वर्षभराने तिला कळेल, आपला जीव रेकॉर्ड विभागात रमतो, विम्याच्या कामात की माणसं सांभाळण्यात. हॉस्पिटल व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा विचार तेव्हा करावा, आत्ता त्यासाठी कर्ज काढू नका.

आणि एक तुमच्यासाठी. मिरजेत सगळे सगळ्यांना ओळखतात. उद्या शेजारच्या काकू तिथे ॲडमिट झाल्या तर मुलीला घरी काही विचारू नका. ती सांगणार नाही, आणि तिने सांगूही नये.

रुजू व्हायच्या आधी एका सोमवारी सकाळी तिला त्या विभागाच्या ओपीडीबाहेर दोन तास नुसतं बसून यायला सांगा. सोमवारी गर्दी सगळ्यांत जास्त असते. घरी आल्यावर ती काय सांगते ते ऐका आणि मला कळवा.