जर्मनीत बेकारभत्ता चालू असताना पार्ट टाइम काम केलं तर भत्ता बंद होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: स्टुटगार्टजवळच्या एका ऑटोमोबाइल सप्लायर कंपनीत सहा वर्षं काम केलं, कपातीत नोकरी गेली, आता महिन्याला २,१०० युरो आरबाइट्सलोझनगेल्ट (बेकारभत्ता) मिळतंय. सुपरमार्केटात आठवड्याला १० तासांचं काम चालून आलंय, महिन्याचे ६०० युरो. दुसरीकडे एका छोट्या कंपनीत आठवड्याला २० तासांची इंजिनिअरची नोकरीही मिळू शकते. यातलं काय घ्यावं, आणि भत्त्याचं काय होईल?

माझ्यावर हीच वेळ २०२४ मध्ये आली होती. आम्ही चिंचवडहून इथे आलो त्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती. कंपनीने आमच्या अख्ख्या टीमला नारळ दिला. मी नऊ महिने भत्ता घेतला आणि त्यातले सहा महिने एका बेकरीत काम केलं. त्यामुळे नियम आणि अनुभव दोन्ही सांगते.

आधी सुपरमार्केटचं बघू. ते काम तुम्ही करू शकता, भत्ता बंद होणार नाही. अट एकच मोठी आहे: आठवड्याचे तास १५ च्या खाली हवेत. बरोबर १५ झाले तरी कायद्याच्या नजरेत तुम्ही बेकार उरत नाही आणि भत्ता पूर्ण थांबतो. दोन ठिकाणी थोडं थोडं काम केलंत तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजले जातात. कधीतरी एखाद्या आठवड्यात कुणी आजारी पडलं म्हणून तास थोडे वर गेले, तर तेवढ्यावरून भत्ता जात नाही. पण ते खरोखर कधीतरीच असावं लागतं. मी आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, जिथे आई दुधाचा हिशोब लिहायची तसे चौकोनात, रोजचे तास लिहायचे. सकाळी सहा ते दहा, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे १२. एका आठवड्यात सोबतची बाई आजारी पडली आणि माझे १६ झाले. तेव्हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडून कारण विचारलं गेलं, आणि तारीखवार नोंद हाताशी होती म्हणून एका ईमेलवर ते मिटलं.

आता पैशांचं. महिन्याच्या नेबेनजॉबच्या, म्हणजे भत्त्यासोबतच्या जोडकामाच्या, हातात येणाऱ्या कमाईतले १६५ युरो तुमचे. त्याच्या वरचा प्रत्येक युरो भत्त्यातून वजा होतो. तुमचे ६०० युरो धरले तर ४३५ कापले जातील. म्हणजे भत्ता १,६६५, अधिक पगार ६००, एकूण २,२६५. काम न करता २,१०० मिळत होते. महिनाभर राबून हातात जास्तीचे १६५ युरो येतात, हे आधीच नीट समजून घ्या. २०२६ मध्ये किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे, तेव्हा १६५ युरो जेमतेम १२ तासांत होतात. महिन्याचे उरलेले तीसेक तास पैशांच्या हिशोबाने जवळजवळ फुकट जातात. कामावर जाण्यायेण्याचा खर्च, कामासाठी घ्यावे लागलेले बूट वगैरे आधी वजा करून मिळतात, म्हणून तिकिटं आणि पावत्या जपून ठेवा.

मग करावं का? मी पुन्हा केलं असतं. घरी बसून अर्ज पाठवत राहिलं की तिसऱ्या महिन्यात माणूस आतून खचत जातो, हे मी माझ्याच बाबतीत पाहिलंय. पहाटे गरम ब्रेत्सल ट्रेमधून टोपलीत ओतताना येणारा तो वास, आणि रोज त्याच वेळी येणारे आजोबा श्वेबिश बोलीत काहीतरी विचारायचे, मला पहिले दोन आठवडे एक शब्द कळायचा नाही. सहा महिन्यांत माझं जर्मन ऑफिसच्या आठ वर्षांत सुधारलं नव्हतं तितकं सुधारलं, आणि पुढच्या मुलाखती मी जर्मनमध्ये दिल्या. पण ते पैशांसाठी केलं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला फक्त पैसे हवे असतील, तर महिन्याला बारा-तेरा तासांचंच काम मागा आणि उरलेला वेळ नोकरी शोधण्यात घाला.

माझी चूक मात्र तुम्ही करू नका. पहिल्या महिन्यात मी उशिरा रुजू झाले, कमाई १४० युरोच्या आसपास होती. मला वाटलं, १६५ च्या आत आहे तर कळवायचं कशाला. तसं नाही. कमाई कितीही असो, पन्नास युरो का असेना, काम सुरू करण्याआधी आगेंटूर फ्यूर आरबाइटला, म्हणजे भत्ता देणाऱ्या सरकारी रोजगार कार्यालयाला, कळवावंच लागतं. आणि हे लपत नाही, कारण मालक प्रत्येक मिनिजॉबची (कमी पगाराच्या छोट्या कामाची) नोंद मिनिजॉब-त्सेंट्राले या संस्थेकडे करतो आणि ती माहिती पुढे जुळवली जाते. मला पत्र आलं: तुमचं म्हणणं लेखी मांडा. पैसे परत द्यावे लागले नाहीत, दंडही झाला नाही, पण तो होऊ शकला असता. ते पंधरा दिवस मला नीट झोप लागली नाही. आधी कळवलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. ऑनलाइन खात्यातून कळवा, आणि ‘तुमची माहिती मिळाली’ असा जो संदेश येतो तो सेव्ह करा. दर महिन्याला मालकाला कमाईचा दाखला आगेंटूरला ऑनलाइन पाठवावा लागतो. तो वेळेत जावा म्हणून मी महिन्याच्या शेवटच्या पाळीलाच बेकरीच्या मालकिणीला आठवण करायचे.

तास १५ किंवा त्याहून जास्त असताना कळवलं नाही तर प्रकरण खूपच गंभीर होतं. तेव्हा बेकार म्हणून केलेली तुमची नोंदणीच गळून पडते. पुन्हा नोंदणी करेपर्यंतचा भत्ता जातो, आणि दिलेला परत मागितला जातो.

आता ती २० तासांची नोकरी. ती घेतलीत तर भत्ता थांबेल, अर्धवट चालू राहणार नाही. हातात येणारा पगार २,१०० पेक्षा कमी असेल तर आज तोटा दिसेल. पण तुमचे न वापरलेले भत्त्याचे दिवस बुडत नाहीत. हक्क सुरू झाल्यापासून चार वर्षांच्या आत ते पुन्हा घेता येतात. लोकांना भीती असते की अर्ध्या पगाराची नोकरी घेतली आणि तीही गेली, तर पुढचा भत्ता अर्ध्या पगारावर ठरेल. भत्ता घेतल्याला दोन वर्षं होण्याआधी नवा हक्क तयार झाला, तर तो निदान जुन्या, मोठ्या पगारावरच मोजला जातो. फक्त तेव्हा तुम्ही पूर्ण वेळ नोकरीसाठी तयार असायला हवं. मी फक्त २० तासच करेन, असं सांगितलंत तर रक्कम त्या प्रमाणात उतरते. तुमच्या क्षेत्रातलं काम असेल आणि पुढे तास वाढण्याची शक्यता असेल, तर मी दुसऱ्या नोकरीकडे झुकेन.

नोकरी जाण्याआधीपासून तुमचं काही छोटं काम चालू होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आमच्या ओळखीचे एक जण शनिवारी तबला शिकवायचे, अनेक वर्षं. शेवटच्या १८ महिन्यांतले निदान १२ महिने असं काम चालू असेल, तर १६५ ऐवजी तिथली आधीची सरासरी कमाई मोकळी धरली जाते. त्यांना हे माहीतच नव्हतं, आणि दोन महिने उगीच पैसे कापले गेले होते. हरकत घेतल्यावर मिळाले.

व्हिसा. तुमच्याकडे कायमचा परवाना असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असेल तर नोकरी गेल्याचं दोन आठवड्यांत आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला, कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. आणि कार्डासोबतच्या हिरव्या कागदावर कोणतं काम चालेल ते लिहिलेलं असतं. सुपरमार्केटचं काम त्यात बसतं का, हे रुजू होण्याआधी लेखी विचारा. आरबाइट्सलोझनगेल्ट ही तुम्ही पगारातून भरलेल्या विम्याची रक्कम आहे, सरकारी मदत नाही, तेव्हा ती घेतल्याने परवान्यावर डाग लागेल ही भीती मनातून काढून टाका. तुमचा तो हक्क आहे.

शिवाय भत्ता करमुक्त असला तरी वर्षाच्या शेवटी तुमच्या बाकीच्या उत्पन्नावरचा कराचा दर त्यामुळे चढतो, आणि रिटर्न भरावाच लागतो. नवरा-बायको एकत्र भरत असाल तर थोडे पैसे बाजूला ठेवा. आम्हाला मागणीपत्र आलं होतं.

आणि गणपतीला किंवा दिवाळीला पुण्याला जायचा विचार असेल तर तिकीट काढण्याआधी आगेंटूरची परवानगी घ्या. वर्षाला तीन आठवड्यांपर्यंत मिळते. बेकरीतून सुट्टी मिळाली म्हणजे तीही मिळाली असं नसतं, दोन्हीकडे वेगवेगळं विचारावं लागतं.

तुमच्या बेशाइडप्रमाणे (भत्ता मंजुरीच्या पत्राप्रमाणे) भत्त्याचे किती दिवस उरलेत आणि नोकरीतला २० तासांचा हातात येणारा पगार किती, हे दोन आकडे खाली लिहा. मी संध्याकाळी बसून हिशोब करून देते.